कारखाना गेल्यावर मागें राहिलेली जमीन

मुंबईहून पश्चिम रेल्वेनें उत्तरेकडे सुमारें शंभर किलोमीटर गेलें म्हणजे बोईसरचें स्थानक लागतें. स्थानकाच्या पश्चिमेस तारापूरची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. रंग, औषधें, कीटकनाशकें, कापड आणि पोलाद असे अनेक धंदे गेल्या अर्धशतकांत येथें वाढले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें 2018 सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांची हवा, पाणी व जमीन तपासून जे अंक दिले, त्यांत तारापूरला शंभरापैकीं 93.69 अंक मिळून त्याचा क्रमांक पहिला लागला. असा पहिला क्रमांक कोणत्याही गांवास नकोसाच वाटेल.

चालू कारखान्यांच्या सांडपाण्याविषयीं पुष्कळ बोललें जातें, आणि तें योग्यच आहे. किनाऱ्यावरील मासेमारांचा प्रश्न अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनें 2016 मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें नेला होता. परंतु आज मला सांगावयाचें आहे तें बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागेविषयीं. धुरांडें थंड झालें कीं धोका संपला, अशी आपली समजूत असते. इकडे वाढवण बंदराची कोनशिला 30 ऑगस्ट 2024 रोजीं बसली, आणि मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचें एक स्थानक बोईसरलाही योजलेलें आहे. जमिनीला मागणी येणार. जुन्या भूखंडांवर गुदामें, कार्यालयें, क्वचित् वसतिगृहेंही उभीं करण्याचे बेत होणार. म्हणून त्या मातीच्या पोटांत काय आहे, हें आधींच विचारलें पाहिजे.

विष जमिनींत एकाच रीतीनें राहत नाहीं. आम्ल आणि क्षार पाण्याबरोबर वाहतात. पोलाद धुण्याच्या कामांत अंगावरून निघणारें आम्ल मातींतील धातूही सोडवून आपल्याबरोबर नेतें. क्रोमियमचें एक रूप मातीला चिकटून बसतें, तर दुसरें अधिक विषारी रूप पाण्यांत सहज विरघळतें. कांहीं रासायनिक द्रावकें तर पाण्याहून जड असतात. तीं विहिरीच्या पाण्यावर तवंगासारखीं तरंगत नाहींत, तळाशीं जाऊन खडकाच्या भेगांत दडतात व वर्षानुवर्षें थोडीं थोडीं विरघळत राहतात. कोंकणपट्टीचा खडक काळा बसाल्ट. त्याच्या वर मुरूम, आणि अंगाला असंख्य भेगा. पावसाळ्यांत पाणी त्या भेगांतून कोणीकडे जाईल, हें वरून पाहणाराला कळत नाहीं. भूखंडाला कुंपण असतें, भूजलाला नसतें. त्यामुळें भूखंडावरील मूठभर माती तपासून ‘जागा स्वच्छ आहे’ असा दाखला देणें म्हणजे रोग्याची नखें पाहून त्याचें हृदय निरोगी ठरविण्यासारखें आहे. निरनिराळ्या खोलीवर छिद्रें घेऊन माती काढावी लागते, आणि आसपासच्या विहिरींचें पाणी पावसाळ्यापूर्वीं व नंतर, असें दोन्ही वेळां तपासावें लागतें.

उपाय आहेत. दूषित माती खणून घातक कचऱ्याच्या खास जागीं नेतां येते. मुंबईजवळ तळोजा येथें तशी सोय आहे. दूषित भूजल उपसून शुद्ध करतां येतें, पण तें काम वर्षें घेतें. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वर चिकणमातीचा जाड थर देऊन झांकून टाकणें. हा उपाय वाईट नाहीं. मात्र खालीं काय आहे याची आठवण कोणी तरी ठेवली पाहिजे. अमेरिकेंत नायगारा फॉल्स शहरीं लव्ह कॅनॉल नांवाच्या खंदकांत एका रसायन कंपनीनें हजारों टन कचरा पुरला, वर मातीचें झांकण घातलें, आणि 1953 सालीं ती जागा एका डॉलरला शाळामंडळास विकली. शाळा झाली, घरें झालीं, गटारें खणतांना झांकण फुटलें. 1978 सालीं तेथें आणीबाणी पुकारून कुटुंबें हलवावीं लागलीं.

आपल्याकडे 24 जुलै 2025 रोजीं केंद्र सरकारनें दूषित जागांसाठीं स्वतंत्र नियम केले. संशयित जागांचा अहवाल जिल्हा प्रशासनानें दर सहा महिन्यांनीं द्यावयाचा, राज्य मंडळानें 90 दिवसांत प्राथमिक तपास करावयाचा, मग सविस्तर पाहणी. दूषण करणारा ठरला तर खर्च त्याचा, तो न सांपडल्यास सरकारचा. किरणोत्सर्गी कचरा मात्र या नियमांत येत नाहीं, हें अणुवीज केंद्राच्या शेजारीं राहणारांनीं लक्षांत ठेवावें.

आतां खरी अडचण. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग राज्यघटनेच्या पांचव्या अनुसूचींत मोडतो. पालघर तालुक्याचा कांहीं भागही त्यांत आहे. वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे या पट्ट्यांत पसरलेले आहेत. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीस सरकारी परवानगीवांचून मिळूं नये, असा कायदा आहे, आणि 1996 च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांत भूसंपादनापूर्वीं ग्रामसभेचा किंवा योग्य पातळीवरील पंचायतीचा विचार घेणें आवश्यक केलें. परंतु औद्योगिक वसाहत त्याआधींच वसली. तिच्यांतील भूखंड महामंडळाचे. ते 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानें एका कंपनीकडून दुसरीकडे जातात. या हस्तांतरांत शेजारच्या पाड्याचा शब्द कोठेंच येत नाहीं. बंगल्यांत राहणारा मनुष्य पाण्याचा संशय आला कीं टँकर मागवितो, शुद्धीकरणाचें यंत्र बसवितो. पाड्यावरची बाई हंडा घेऊन त्याच विहिरीवर जाते.

माझ्या मतें भूखंडाचें हस्तांतर होण्यापूर्वीं माती व पाण्याची तपासणी सक्तीची असावी, तिचा निकाल मराठींत लिहून लगतच्या ग्रामसभेंत वाचून दाखवावा, आणि जमीन झांकून ठेवली असल्यास तशी नोंद भाडेपट्ट्यांतच करावी, म्हणजे पुढचा घेणारा ‘मला ठाऊक नव्हतें’ असें म्हणणार नाहीं. तपासणीचा खर्च भूखंडाच्या किमतीच्या मानानें अल्पच असतो. पाण्याचे नमुने घेतांना कुंपणाच्या आंतील कूपनलिकेबरोबर बाहेरच्या पाड्यावरची विहीर, आणि ओढ्याच्या उताराकडील बाजू, हीं दोन्ही ठिकाणें यादींत असलींच पाहिजेत.