विश्लेषण : सव्वा महिना थांबू नका! कमी दिवसांच्या बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत का तपासावेत?

बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, ही रीत मालवण किनाऱ्यावरील अनेक घरांत आजही पाळली जाते. मात्र अपुऱ्या दिवसांच्या, काही दिवस ‘पेटीत’ राहून घरी आलेल्या बाळाच्या डोळ्यांची पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत, म्हणजे सव्वा महिना संपण्याआधीच व्हावी लागते. ती चुकली तर ‘आरओपी’ या आजाराने बाळाची दृष्टी कायमची जाऊ शकते.

‘आरओपी’ म्हणजे काय?

‘रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’ हा दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्याचा आजार. गर्भात साधारण १६व्या आठवड्यापासून या पडद्यावर रक्तवाहिन्या वाढू लागतात. त्या कडेपर्यंत पोहोचायला ४०वा आठवडा उजाडतो. बाळ ३०व्या आठवड्यातच जन्मले, तर हे काम अर्धवट राहते. बाहेर गर्भाशयापेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाल्याने वाहिन्यांची वाढ थांबते. काही आठवड्यांनी पडद्याच्या कोऱ्या राहिलेल्या भागाला ऑक्सिजन कमी पडतो आणि तिथे वेड्यावाकड्या, नाजूक वाहिन्या वाढू लागतात. त्यातून रक्तस्राव होतो, व्रण तयार होतात आणि ते पडद्याला ओढून जागेवरून सोडवतात.

धोका कोणाला?

- ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेली किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाची बाळे
- ३४ ते ३६ आठवड्यांची, पण जन्मानंतर गंभीर आजारी पडलेली बाळे
- बरेच दिवस ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर राहिलेली बाळे
- रक्तात जंतुसंसर्ग झालेली किंवा रक्त द्यावे लागलेली बाळे
- जन्मानंतर वजन नीट न वाढलेली बाळे

अमेरिकेत साधारण दीड किलोपर्यंतच्या बाळांची तपासणी केली जाते. भारतात त्याहून जास्त वजनाच्या बाळांनाही हा आजार होत असल्याने इथली मर्यादा २ किलो आहे.

ऑक्सिजन घातक आहे का?

नाही. श्वास घेता न येणाऱ्या बाळाला ऑक्सिजन द्यावाच लागतो. प्रश्न प्रमाणाचा आहे. १९४२ मध्ये बोस्टनचे डॉ. थिओडोर टेरी यांनी हा आजार प्रथम नोंदवला. पेटीत बेसुमार ऑक्सिजन सोडण्याशी त्याचा संबंध असल्याचे १९५० च्या दशकात सिद्ध झाले. त्यामुळे आता ऑक्सिजनवरील कमी दिवसांच्या बाळाच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी साधारण ९० ते ९५ टक्क्यांदरम्यान राखली जाते.

तपासणी कधी आणि कशी?

पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची दोन ते तीन आठवड्यांत. डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी केली जाते आणि नेत्रतज्ज्ञ पडदा पाहतात. काही मिनिटांचे काम असते. एकदा ‘नॉर्मल’ आले म्हणून भागत नाही. वाहिन्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा जावे लागते. आजार वाढलेला आढळल्यास दोन ते तीन दिवसांत लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते. वेळेत उपचार झाले तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचते. पडदा पूर्ण सुटल्यावर शस्त्रक्रियेनेही फारसे हाती लागत नाही.

तारीख चुकते कुठे?

बाहेरून डोळे अगदी निरोगी दिसतात. बाहुलीत पांढरी झाक दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. सिंधुदुर्गातील अत्यवस्थ बाळांना अनेकदा गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला हलवावे लागते. डिस्चार्जनंतर आई माहेरी वाडीत येते, फाइल कपाटात जाते. १ जुलैला जन्मलेल्या बाळाची मुदत ३१ जुलैला, म्हणजे ऐन पावसात संपते.

ही तपासणी सांगणे ही रुग्णालयाचीही जबाबदारी आहे. १९९६ मध्ये चेन्नईतील एका शासकीय रुग्णालयात २९ आठवड्यांची, १२५० ग्रॅमची मुलगी जन्मली. पालकांना तपासणीबाबत सांगितले गेले नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला.

पालकांनी काय करावे?

- डिस्चार्जआधी विचारा : बाळ किती आठवड्यांचे, वजन किती, डोळे कोणत्या तारखेला आणि कुठे तपासायचे? उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.
- आशाताई २८व्या दिवशी घरी येतात. मात्र त्यानंतर हाती दोनच दिवस उरतात. त्यामुळे कार्ड त्यांना आधीच्याच भेटीत दाखवा.
- ‘आरओपी’चा समावेश राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे. तपासणी कुठे होईल, याची चौकशी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात करा.
- घरातील ज्येष्ठांना तारीख आधीच सांगा. बाळाला नीट गुंडाळून, दूध पाजण्याची सोय ठेवून नेता येते. बाकीचा सव्वा महिना घरी पाळायला हरकत नाही.