डिस्क निकालात काढताना

एमआयटीत शिकणाऱ्या सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी जुन्या बाजारातून हार्ड डिस्क विकत घ्यायचा सपाटा लावला. १५८ डिस्क जमल्या. त्यांतल्या १२९ चालू होत्या. २००३ साली त्यांनी निष्कर्ष छापले, तेव्हा नीट पुसलेल्या डिस्क भरल्या फक्त १२. बाकीच्यांत खासगी पत्रं, वैद्यकीय नोंदी, हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक. एक डिस्क तर एटीएममधून आलेली होती, ग्राहकांच्या खाते क्रमांकांसकट.

यांतल्या कित्येक डिस्क मालकांनी फॉरमॅट केल्या होत्या. पण साधं फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं जागच्या जागी राहतात. ती पानं घालवायची तर त्यांवर दुसरं काहीतरी लिहावं लागतं. किती वेळा? संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांनी १९९६ साली एका निबंधात ३५ वेळांची मालिका मांडली आणि हा आकडा लोकांच्या डोक्यात घट्ट बसला. वास्तविक ती मालिका जुन्या काळच्या निरनिराळ्या डिस्कना एकत्र धरून केलेली होती. आजच्या डिस्कवर सगळ्या ३५ फेऱ्या करण्यात अर्थ नाही, असं पुढे खुद्द गुटमननीच लिहिलं. चुंबकीय डिस्कवर एक पूर्ण फेरी सर्वसाधारण वापराला पुरते, आणि नंतर ती डिस्क कुणाच्या तरी कामीही येते.

डीगॉसर मात्र ही दुसरी संधी ठेवत नाही. या यंत्राच्या कप्प्यात डिस्क सरकवायची, बटण दाबायचं. क्षणभर प्रचंड चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि आतल्या चकत्यांवरची सगळी रचना विस्कटते. माहितीबरोबर वाचणाऱ्या टोकाला वाट दाखवणाऱ्या, कारखान्यात लिहिलेल्या खुणाही जातात. बाहेरून डिस्कला ओरखडासुद्धा नसतो, पण ती कायमची निकामी झालेली असते. चालू डिस्कवर सरसकट हे यंत्र चालवणं मला नासाडी वाटते. बंद पडलेल्या डिस्कवर काही लिहिताच येत नाही. तिथे ते हवंच.

चकत्यांऐवजी मेमरी चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीपुढे हे यंत्र हतबल आहे, कारण तिच्यात माहिती चुंबकीय नसतेच. वरून लिहिण्याचाही भरवसा नाही: पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून आतला कंट्रोलर नवा मजकूर दुसऱ्याच जागी लिहितो, जुना तसाच पडून राहतो. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की एकेक फाइल पुसायच्या हार्ड डिस्कच्या पद्धती इथे चालत नाहीत. काही एसएसडींतली स्वतःची पुसण्याची आज्ञासुद्धा सदोष निघाली. म्हणून माझा आग्रह आहे, की एसएसडी पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट करून वापरावी. निरोप देताना किल्ली नष्ट केली की उरतो तो निरर्थक मजकूर.

आणि डिस्क दुसऱ्याच्या हाती सोपवायची असेल, तर त्याला हे काम येतं का, हे आधी पाहावं. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेने ते एका सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. ग्राहकांची माहिती असलेली उपकरणं ऑनलाइन लिलावात पोचली आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने साडेतीन कोटी डॉलरचा दंड ठोठावला. आपल्याकडे ई-कचऱ्यासाठी नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रं आहेत. तिथे डिस्क देताना तिच्यावरचा अनुक्रमांक टिपून ठेवावा आणि तोच क्रमांक असलेलं नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मागून घ्यावं.