काटे नाहीत, ताण आहे!
न्यूझीलंडच्या मेंढ्यांच्या कुरणांभोवतीच्या तारकुंपणाला बहुधा काटे नसतातच. २.५ मिलिमीटरची हाय टेन्साइल तार, सात-आठ ओळी, आणि सगळा खेळ ताणाचा. सर्व तारांची ओढ शेवटी कोपऱ्यातल्या खांबावर येते, म्हणून तो जाडजूड, खोल गाडलेला आणि तिरका टेका दिलेला हवा. इथे काटकसर नकोच!

मधले खांब तार फक्त जागेवर धरतात. त्यांच्यावरचा यू-खिळा पूर्ण ठोकायचा नाही, तार त्यातून सरकली पाहिजे. मग जनावर धडकलं तरी धक्का लांबवर वाटला जातो. खिळा आवळला तर तार तिथेच चेपते, तिच्यावरचा जस्ताचा थर खरवडला जातो आणि गंज धरतो. थंडीत तार आकसते, म्हणून ताण बेतानेच द्या. आणि हो, तार कापताना चष्मा घाला. सुटलेलं टोक सपकन उसळतं.