अबोल जोडणी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य भारतीयांसाठी इंटरनेट खुले केले. त्यातले एक खाते ‘शेल’चे होते. पडद्यावर नुसती अक्षरे. आज्ञा घरी टंकायची आणि ती चालायची निगमाच्या संगणकावर. त्याच वर्षी तातू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ लिहिले. दूरच्या संगणकाशी गुप्तपणे बोलण्याची ही सोय आज ठाकूरद्वारच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही चालते. मात्र एखादे लांबलचक काम लावून चहा प्यायला उठावे आणि परत यावे तर पडदा गोठलेला.

दोष बहुधा दोन्ही टोकांचा नसतो. मधला राउटर विसरलेला असतो. घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकच पत्ता असतो. चाळ एक, बिऱ्हाडे अनेक! कोणता संवाद कोणत्या बिऱ्हाडाचा, याची नोंद राउटर ठेवतो आणि बराच वेळ कोणी बोलले नाही की ती पुसतो. त्याची खबर मात्र कुणालाच देत नाही.

जोडणी जिवंत आहे का, हे तपासण्याची सोय इंटरनेटच्या मूळ नियमांतही आहे. पण १९८९च्या मानकानुसार ती तपासणी मुळात ऐच्छिक, आणि आपण होऊन दोन तासांच्या आत करायची नाही. म्हणून २००८मध्ये राउटरांना सांगितले गेले, की नोंद किमान दोन तास चार मिनिटे ठेवा. वरची चार मिनिटे वाटेतल्या निरोपासाठी. प्रत्यक्षात अनेक राउटर काही मिनिटांतच पाटी कोरी करतात.

त्यावर उपाय आपल्या संगणकावरच्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये आहे. ‘सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल’ हा आकडा मुळात शून्य, म्हणजे बंद असतो. तो ६० केला, की पलीकडून मिनिटभर काही आले नाही तर एसएसएच ‘आहात ना?’ असे विचारते. या विचारपुशीनेच राउटरची नोंद ताजी राहते. ओळीने तीन प्रश्न अनुत्तरित राहिले, तर एसएसएच स्वतःच जोडणी तोडते. म्हणूनच आकडा ५ ठेवण्याचा उतावीळपणा मला पटत नाही. नेटवर्क पंधरा-वीस सेकंद अडखळले, तरी एरवी टिकली असती ती जोडणी आपणच मोडतो.

वीज गेली किंवा लॅपटॉप मिटला, तर यातले काहीच कामाला येत नाही. त्यासाठी १९८७पासून ‘स्क्रीन’ आहे, नंतरचे ‘टीमक्स’ही. काम त्यात सुरू केले, की ते पलीकडच्याच संगणकावर चालत राहते. सकाळी पुन्हा जोडून ‘टीमक्स अटॅच’ टंकायचे. रात्रीचा पडदा समोर येतो.