यंत्रावरील सांथ व शिक्षकांची शाळा

गणित व शास्त्र यांच्या तासाला संगणकावर प्रतिकृति रचून शिकवावें, असें आज पुष्कळ ठिकाणीं म्हटलें जातें. प्रतिकृति म्हणजे चित्र नव्हे. सृष्टींतील एखाद्या घडामोडीचे थोडे नियम यंत्रास सांगावयाचे, ते पुनःपुन्हा चालवावयाचे, आणि काय घडतें तें पाहावयाचें. परंतु ही विद्या मुलांच्या आधीं शिक्षकांस यावी लागते.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत 'स्टारलोगो' नांवाची आज्ञावली याच हेतूनें तयार झाली. तिच्या साह्यानें शिक्षकांनीं कसें शिकवावें याचें पुस्तकहि २००१ सालीं निघालें. या पद्धतींत यंत्रास हात लावण्यापूर्वीं कांहीं खेळ शिक्षकांनींच खेळावयाचे असतात. (पालकांनीं हें वाचून हसूं नये.) मासल्यादाखल, तीस जणांत एकास गुप्तपणें 'रोगी' ठरवावें व प्रत्येक फेरींत प्रत्येकानें एकाशीं हस्तांदोलन करावें. रोग्यांचा आंकडा प्रथम जवळजवळ दुपटीनें वाढतो. पुढें रोग्याची गांठ रोग्याशींच पडूं लागते व वाढ मंदावते. मग हाच नियम यंत्रास शिकवावयाचा.

येथें मुंबईचा संबंध येतो. १९२७ सालीं केर्मॅक व मॅकेंड्रिक या दोघां शास्त्रज्ञांनीं सांथीचें गणित मांडलें. मॅकेंड्रिक हिंदुस्थानांत सरकारी वैद्यकीय सेवेंत होते. केर्मॅक प्रयोगशाळेंतील अपघातानें अंध झालेले. त्यांनीं आपली वक्ररेषा मुंबईंतील १९०५-०६ च्या प्लेगच्या साप्ताहिक मृत्युसंख्येशीं ताडून पाहिली. ती छान जुळली! परंतु गणित गृहीत धरतें कीं रोग माणसापासून माणसास होतो. मुंबईंतला प्लेग तर उंदरांच्या पिसवांनीं माणसांत आणला. उंदरांची गोष्ट त्या दोघांसहि ठाऊक होती व त्यांनीं ती लिहिलीहि.

रेषा जुळली तरी कारण जुळलेंच असें नाहीं, हें ओळखणें शिक्षकांस सर्वांत कठीण जातें, असें आमचें मत आहे. कारण उत्तर आपणांस आधींच ठाऊक असावें ही त्यांची जन्माची संवय. "निम्मीं मुलें घरीं राहिलीं तर?" असें एखाद्यानें विचारल्यास "ठाऊक नाहीं, चालवून पाहूं," असें वर्गासमोर म्हणण्यास धैर्य लागतें.

यंत्र नसल्यास अडत नाहीं. पाटीवर सहा रांगांचीं छत्तीस घरें आंखावीं व एका घरांत चिंचोका ठेवावा. प्रत्येक फेरींत जितके चिंचोके असतील तितक्या वेळां दोन फांसे टाकावे. एक रांग सांगेल, दुसरा रांगेंतलें घर. तें रिकामें असेल तरच नवा चिंचोका ठेवावा, व दर फेरीचा आंकडा लिहून ठेवावा.