फ्लॉपीवरील चूक आणि फाइल सिस्टीमचे कर्तव्य

साडेतीन इंची, १.४४ एमबी फ्लॉपीच्या चकतीवर दोन्ही बाजूंना प्रत्येकी ८० वर्तुळाकार मार्ग, म्हणजे ट्रॅक असतात, प्रत्येक ट्रॅकचे १८ तुकडे, म्हणजे सेक्टर पाडलेले असतात आणि दर सेक्टरमध्ये ५१२ बाइट मजकूर मावतो. अशा २,८८० सेक्टरांपैकी कोणत्या फाइलचा कोणता भाग कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था म्हणजे फाइल सिस्टीम. हार्ड डिस्कमध्ये वाचणारे हेड चकतीपासून किंचित वर तरंगते. फ्लॉपीत ते चकतीला घासत फिरते, शिवाय धूळ, बुरशी आणि दमट हवा तिथे सहज पोहोचते, आणि वापरणारा ती वाटेल तेव्हा बाहेर काढू शकतो. त्यामुळे फ्लॉपीसाठी फाइल सिस्टीम रचणाऱ्याने चूक होणारच असे गृहीत धरूनच आखणी करायला हवी.

चूक ओळखण्याची सोय ड्राइव्हच्या पातळीवरच असते. प्रत्येक सेक्टरसोबत मजकुरावरून काढलेली १६ बिटांची एक पडताळणी-संख्या, म्हणजे सीआरसी, लिहिली जाते आणि वाचताना ती जुळली नाही, तर मजकूर बिघडल्याचे कळते. पण बिघाड दुरुस्त करण्याची ताकद या संख्येत नसते. कधी मोटरने पूर्ण वेग घेतलेला नसतो, कधी हेड ट्रॅकपासून जरा सरकलेले असते, म्हणून पुन्हा वाचून पाहणे योग्यच. आयबीएम पीसीच्या बायोसची शिफारसही तीनदा प्रयत्न करण्याची होती. मिनिटाला ३०० फेरे घेणाऱ्या चकतीचा एक फेरा ०.२ सेकंदात होतो, त्यामुळे दोनचार प्रयत्न स्वस्त पडतात, परंतु खरवडलेल्या जागेवर शेकडो वेळा हेड फिरवले, तर उरलेला चुंबकीय थरही निघून जाण्याची भीती असते. प्रयत्नांना मर्यादा हवी ती यासाठी.

मर्यादा संपल्यावर काय करावे, या प्रश्नाचे एमएस-डॉसचे सुरुवातीचे उत्तर सदोष होते. ‘अ‍ॅबॉर्ट, रिट्राय, इग्नोअर’ असा सवाल थेट वापरणाऱ्यापुढे टाकला जाई. त्यातला ‘इग्नोअर’ हा पर्याय सर्वांत घातक, कारण तो निवडला की सेक्टर नीट वाचला गेला असे समजून प्रोग्राम पुढे जाई. आवृत्ती ३.३ मध्ये ‘फेल’ हा पर्याय आला, ज्यामुळे चूक झाल्याचा निरोप मागणी करणाऱ्या प्रोग्रामकडे परत जाऊ लागला, आणि खरे तर हाच मार्ग पहिल्यापासून हवा होता. मात्र ड्राइव्ह तयार नाही, लेखनबंदी आहे, सेक्टर सापडत नाही, मजकूर बिघडला आहे, हे प्रकार डॉस वेगवेगळ्या संदेशांनी सांगत असे, हे त्याचे श्रेय मान्य करायला हवे. पहिल्या दोन अडचणी वापरणारा स्वतः दूर करू शकतो, नंतरच्या दोन सहसा नाही.

याहून गंभीर दोष डॉसच्या हिशेबाच्या तक्त्यात, म्हणजे फॅटमध्ये, होता. फाइलचा पुढचा तुकडा कुठे आहे हे सांगणाऱ्या या तक्त्याच्या दोन प्रती ठेवल्या जात: पहिली सेक्टर १ ते ९ मध्ये, दुसरी १० ते १८ मध्ये. पण सेक्टर ० ते १७ हे सगळे चकतीच्या एकाच बाजूच्या पहिल्या ट्रॅकवर येतात. म्हणजे दुसऱ्या प्रतीचा एकच सेक्टर काय तो बाहेर पडतो. घराच्या खरेदीखताची नक्कल मूळ कागदासोबत एकाच ट्रंकेत ठेवावी, तसा हा प्रकार झाला. त्यात प्रतींना स्वतःची अशी पडताळणी-संख्या नसल्यामुळे दोहोंत तफावत आढळली, तर खरी कोणती हे तक्त्यावरून ठरवता येत नाही.

अमिगा संगणकाच्या मूळ फाइल सिस्टीमने वेगळी वाट धरली. तिथे मजकुराच्या प्रत्येक ५१२ बाइटांपैकी २४ बाइट ओळखीसाठी राखलेले असत: हा तुकडा कोणत्या फाइलचा, कितवा, पुढचा कुठे आणि पडताळणी-संख्या काय. जागा सुमारे पाच टक्के कमी झाली, तरी डिरेक्टरी नष्ट झाल्यावरही सुटे तुकडे गोळा करून फाइल पुन्हा जुळवता येई. नंतरच्या ‘फास्ट फाइल सिस्टीम’ने वेगासाठी ही ओळख मजकुराच्या तुकड्यांतून काढून टाकली, फ्लॉपीपुरता तरी तो सौदा तोट्याचाच म्हणावा लागेल.

फ्लॉपी पूर्ण निर्दोष असतानाही एक मोठा अपघात होऊ शकतो. मेमरीत एका फ्लॉपीचा तक्ता असताना वापरणाऱ्याने दुसरी घातली आणि तो तक्ता तिच्यावर लिहिला गेला, तर दुसरीचा हिशेब संपतो. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये फ्लॉपी बाहेर ढकलण्याचे काम मोटरकडे सोपवल्यामुळे लेखन पूर्ण झाल्यावरच ती सोडता येई. पीसीवर ही सोय नव्हती, म्हणून तिथे लिहिण्यापूर्वी फ्लॉपीचा अनुक्रमांक तपासणे आणि तो जुळत नसेल, तर लेखन थांबवून मूळ फ्लॉपी मागणे, एवढे तरी फाइल सिस्टीमने केलेच पाहिजे.

ज्यांच्या कपाटात अजून जुन्या फ्लॉप्या आहेत, त्यांनी त्या वाचण्यापूर्वी कोपऱ्यातली सरकपट्टी हलवून खिडकी उघडी करावी, म्हणजे लेखन बंद होते. मग सर्व सेक्टरांची जशीच्या तशी प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी आणि दुरुस्तीचे सारे प्रयोग त्या प्रतीवरच करावेत.