कळा आणल्या, तरी सिझर का झालं?

डिस्चार्जच्या सकाळी भाचीच्या खोलीत बसले होते. बाळ दुपट्यात गुंडाळून झोपलेलं, उशाशी निम्मी प्यायलेली पेज. भेटायला आलेल्या बायका आधी बाळाचं नाक कुणावर गेलंय ते ठरवत, मग आवाज खाली आणून विचारत, "अगं, कळा आणल्या होत्या ना? मग सिझर कशाला केलं?" उत्तरासाठी कुणी थांबत नव्हतं. एकीचं म्हणणं, सलाइन लावली तिथंच बिघडलं. दुसरीला डॉक्टरांच्या घाईचा संशय. तिसरीच्या सासूची सात बाळंतपणं घरीच झाली होती.

भाचीच्या हातात डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर सिझरचं कारण एका ओळीत लिहिलेलं, 'नॉन-प्रोग्रेस ऑफ लेबर'. "मावशी, म्हणजे माझीच प्रगती झाली नाही, असंच ना?" असं तिनं हसत विचारलं. पण तासाभरानं पुन्हा तेच विचारलं, तेव्हा हसली नाही. त्या दिवशी त्या खोलीत जे जे बोललं गेलं, त्यातलं किती खरं आणि किती खोटं, ते इथं लिहिते आहे.

"थोडी वाट बघितली असती, तर आपोआप झालं असतं"

कदाचित झालंही असतं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून तारीख काढतात, पण बरोब्बर त्या तारखेला जन्मणारी बाळं वीसात एखादंच. तेव्हा तारीख उलटली म्हणून दुसऱ्या दिवशी धावपळ करायचं कारण नसतं. मात्र 41 आठवडे पूर्ण झाले की हिशेब बदलतो. त्यानंतर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढू लागतो. तो एकूण कमीच असतो, पण प्रत्येक आठवड्यागणिक चढत जातो. म्हणूनच 41 आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भाचीचे दिवस तिथवर आले होते. कुणाचा रक्तदाब वाढलेला असतो, कुणाला गरोदरपणातला मधुमेह असतो, कुणाची पाणमोट फुटूनही कळा येत नाहीत. अशा वेळी थांबण्यातला धोका कळा आणण्यातल्या धोक्यापेक्षा मोठा ठरतो.

थांबणं नको म्हणून घरी एरंडेल पाजणाऱ्याही आहेत. त्यानं पोट साफ होतं, जुलाब होतात, आणि बाई दमून, पाणी कमी होऊन दवाखान्यात पोचते. ते करू नये.

"कळा आणल्या की सिझर ठरलेलंच"

हा समज डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होता, कारण आकडे तसे दिसत. कळा आणलेल्या बायकांत सिझर जास्त, आपोआप कळा सुरू झालेल्यांत कमी. पण या तुलनेतच चूक होती. 39 व्या आठवड्यात डॉक्टरांपुढे दोनच रस्ते असतात, आज कळा आणायच्या किंवा थांबायचं. 'आज आपोआप कळा येऊ देत' हा रस्ता कुणाच्याच हातात नसतो. थांबलेल्यांतल्या काहींचा रक्तदाब पुढं वाढतो, काहींचे दिवस उलटतात, काहींना शेवटी कळा आणाव्याच लागतात. त्यामुळे तुलना आपोआप कळा आलेल्यांशी नव्हे, थांबलेल्यांशी करायला हवी.

अमेरिकेत तशी चाचणी झाली आणि 2018 मध्ये तिचे निष्कर्ष आले. पहिलटकरीण, बाकी काही धोका नाही, अशा सहा हजारांवर बायका तिच्यात होत्या. निम्म्यांना 39 व्या आठवड्यात कळा आणल्या, निम्म्यांच्या बाबतीत थांबले. कळा आणलेल्यांत सिझर झालं 18.6 टक्के जणींचं, थांबलेल्यांत 22.2 टक्के. म्हणजे कळा आणल्यानं सिझर वाढलं नाही, थोडं कमीच झालं.

यावरून प्रत्येकीनं 39 व्या आठवड्यात भरती व्हावं, असं मी मुळीच म्हणणार नाही. त्या रुग्णालयांत घाई न करता तासन् तास वाट पाहत होते. संध्याकाळी कळा आणायला घेतल्या आणि सकाळी मोकळी झाली नाही म्हणून पोट उघडलं, असा खाक्या असेल, तर हे आकडे तिथं लागू पडत नाहीत. आणि त्या चाचणीतही पाचातल्या जवळपास एकीचं सिझर झालंच होतं. कळा आणणं हा प्रयत्न असतो. भरती होतानाच कुणी तरी हे स्पष्ट सांगायला हवं, ते बहुतेकदा राहून जातं.

"इंजेक्शन दिलं की चार तासांत मोकळी"

सगळा घोटाळा या अपेक्षेतून होतो. गर्भाशयाचं तोंड, ज्याला बायका 'पिशवीचं तोंड' म्हणतात, ते नऊ महिने घट्ट मिटलेलं असतं. तपासताना कच्चं तोंड नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं, तयार झालेलं ओठांसारखं मऊ. कळा आणण्याचा पहिला टप्पा असतो तो हे तोंड पिकवण्याचा. कैरी अढीत घातली की कुणी दुसऱ्या दिवशी सुरी घेऊन बसत नाही. इथं मात्र नातेवाईक दर अर्ध्या तासानं नर्सला विचारतात, "किती बोटं उघडलं?"

तोंड कितपत तयार आहे हे मोजायला 1964 साली एडवर्ड बिशप यांनी गुणांची पद्धत सांगितली. तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, अशा पाच गोष्टींचे एकूण 13 गुण. आठाच्या वर असतील तर तयारी चांगली. सहा किंवा कमी असतील तर आधी पिकवायचं. त्यासाठी तोंडापाशी जेल घालतात, मिसोप्रोस्टॉलच्या अगदी लहान मात्रेच्या गोळ्या देतात, किंवा लघवीसाठी वापरतात ती फोलीची नळी आत सरकवून तिचा फुगा पाण्यानं फुगवतात. फुगा तोंडावर दाब देतो आणि ते हळूहळू सैल होतं. ऐकायला गावठी वाटतं, पण जगभर हेच करतात.

यातलं कोणतं बरं, याचा एक मोठा अभ्यास आपल्या नागपुरातच झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा रुग्णालय इथल्या, रक्तदाब वाढलेल्या 602 बायका त्यात होत्या. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. दर दोन तासांनी 25 मायक्रोग्रॅमची गोळी तोंडावाटे दिलेल्यांपैकी 57 टक्के जणी 24 तासांत नॉर्मल बाळंत झाल्या, फुग्याच्या गटात 47 टक्के. आता हेच आकडे उलटे वाचा. चांगल्या ठरलेल्या पद्धतीतही 43 टक्के जणी पूर्ण दिवस सरला तरी नॉर्मल बाळंत झालेल्या नव्हत्या. चार तासांची गोष्ट कुठून आली, देव जाणे.

"इंडक्शन फेल गेलं"

भाचीला संध्याकाळी जेल घातलं, पहाटे पुन्हा एकदा. सकाळी पाणमोट फोडली, सलाइन लावली. दुपारी तोंड सहा सेंटिमीटर उघडलं. मग सहा तास जोरदार कळा येऊनही ते सहावरच राहिलं. बाळाचं डोकं खाली होतं, पण चेहरा आईच्या पाठीकडे असायला हवा तो पोटाकडे होता. अशा बाळाला वळून खाली यायला अवघड जातं. बहुतेक बाळं वळतात. हे वळलं नाही.

खोलीतल्या सगळ्यांच्या लेखी इंडक्शन, म्हणजे कळा आणण्याचा प्रयत्न, फेल. प्रत्यक्षात ते यशस्वी झालं होतं, कळा सुरू झाल्या, तोंड उघडलं. अडलं ते पुढं. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 मध्ये याचे निकष घालून दिले. आई आणि बाळ ठीक असतील, तर पाणमोट फुटल्यावर किमान 12 ते 18 तास सलाइनमधून ऑक्सिटोसिन हे कळा आणणारं औषध देऊन पाहिल्याखेरीज इंडक्शन फसलं म्हणू नये. सहा सेंटिमीटरनंतर पाणमोट फुटलेली असताना चांगल्या कळा येऊनही चार तास, किंवा सलाइन देऊनही कळा पुरेशा नसतील तर सहा तास, तोंड पुढं उघडलं नाही, तर बाळंतपण अडलं म्हणावं. जागतिक आरोग्य संघटनाही खऱ्या बाळंतपणाची सुरुवात पाच सेंटिमीटरपासून धरते आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हट्ट सोडा म्हणते.

तेव्हा कार्डावरची 'नॉन-प्रोग्रेस' ही नोंद तोंड उघडण्याची आणि बाळ खाली येण्याची आहे. भाचीनं त्यात काही कमी केलं नव्हतं. पण भाषाच अशी, की बाईला ती प्रगतिपुस्तकावरच्या लाल शेऱ्यासारखी वाटते.

"म्हशीला देतात तेच ते इंजेक्शन"

हे खरंच आहे. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक पान्हाही सोडतं आणि गर्भाशयही आकुंचित करतं, म्हणून गोठ्यात त्याचा गैरवापर होतो. त्याच कारणानं 2018 मध्ये केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना ते बनवायला बंदी केली होती. दिल्ली उच्च न्यायालयानं ती डिसेंबरात रद्द केली, कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. आईच्या शरीरातही ते स्वतः तयार होतं.

भीतीची खरी जागा मात्रेत आहे. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या, तर दोन कळांच्या मधे बाळाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि त्याचे ठोके उतरतात. अशा वेळी सलाइन बंद करतात, आईला डाव्या कुशीवर वळवतात. औषधाचा असर काही मिनिटांत ओसरू लागतो. म्हणून सलाइन चालू असताना कुणीतरी पोटावर हात ठेवून कळा मोजणं आणि ठोके ऐकणं अत्यावश्यक. सलाइन लावून नर्स तासभर फिरकली नाही, तर तक्रार करायचा हक्क तुम्हाला आहे.

नाळेबद्दलही सांगून टाकते. गळ्याभोवती नाळेचा वेढा चार-पाचांतल्या एका बाळाला असतो आणि त्यातली बहुतेक नॉर्मल जन्मतात. सोनोग्राफीत वेढा दिसला, एवढ्यावरून सिझर ठरत नाही.

"पैशासाठी कापलं"

हा संशय हवेतून आलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझरनं झाली. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण 14.3 टक्के, खासगीत 47.4. अवघड केसेस मोठ्या रुग्णालयांत जातात, हे धरूनही इतका फरक पटत नाही. पण संपूर्ण देशाचा आकडा एका बाईच्या बाजेशी उभा राहून काही सांगत नाही. तिथं विचारायचे प्रश्न वेगळे. तोंड किती उघडलंय आणि किती तासांपासून तेवढंच आहे? ठोके कसे आहेत? अजून दोन तास थांबलो तर काय होईल? ज्या डॉक्टरांकडे शांतपणे थांबायला वेळ आहे, त्यांच्याकडे या प्रश्नांची उत्तरंही असतात.

'इमर्जन्सी सिझर' या शब्दानं घर हादरतं. आधी न ठरलेलं ते सगळं त्यात मोजतात. जीव धोक्यात असताना अर्ध्या तासाच्या आत करायची शस्त्रक्रिया वेगळी आणि बाळंतपण अडलं म्हणून सही घेऊन, नीट तयारी करून केलेली वेगळी. भाचीची दुसऱ्या प्रकारातली होती. ती चालत टेबलापर्यंत गेली.

पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनानं जन्माची कंबरदुखी लागते, हेही खरं नाही. कंबर गरोदरपणात दुखतेच, आणि नंतर बाळ कडेवर घेऊन आणखी दुखते. सिझर झालेल्या आईला दूध येत नाही, हेही खोटं. आई-बाळ ठीक असतील तर पहिल्या तासाभरात बाळाला छातीशी धरावं आणि चीक पाजावा. मध आणि साखरपाणी नको.

"आता पुढचंही सिझरच"

एकदा सिझर म्हणजे कायम सिझर, हा नियम 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांनी मांडला. त्या काळी गर्भाशयावर उभा छेद घेत आणि तो पुढच्या कळांत उसवण्याची भीती मोठी असे. आता बहुतेक छेद खालच्या भागात आडवा असतो. अशा बाईनं पुढच्या वेळी योग्य तपासणीनंतर नॉर्मलचा प्रयत्न केला, तर शंभरात साठ ते ऐंशी जणींना तो साधतो. व्रण उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो. औषधानं कळा आणल्या तर तो दोन-तीन पट वाढतो, म्हणून हा प्रयत्न अशाच रुग्णालयात करावा जिथं रात्रीसुद्धा भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल. दोन बाळांत अंतरही हवं.

आणि इथं ते कार्ड कामाला येतं. पोटावरचा टाका आडवा दिसला म्हणून आत गर्भाशयावरचा छेदही आडवाच असेल असं नाही. तो कसा होता, तोंड किती सेंटिमीटरवर अडलं, बाळाचं डोकं कोणत्या दिशेला होतं, यावर पुढच्या डॉक्टरांचा निर्णय ठरतो. घरी निघण्याआधी या तीन गोष्टी कार्डावर लिहिल्या आहेत का ते पाहा, नसतील तर लिहून मागा. मूळ कार्ड बाळाच्या जन्मदाखल्याच्या फायलीत ठेवा आणि एक झेरॉक्स माहेरीही असू द्या.